इतिश्रीमधली 'श्री' नेमकी कुणाची?

मासुंदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न शब्दाचा आहे, पण घाई बारशाची आहे.

माझी भाची घोडबंदर रोडला राहते. तिला गेल्या आठवड्यात दुसरी मुलगी झाली. पहिलीचं नाव आद्या. 'ॐ नमो जी आद्या' वरून हौसेनं ठेवलेलं. आता दुसरीचं नाव 'इतिश्री' ठेवायचं असं भाचीच्या मनात आहे. आद्या आणि इतिश्री, सुरुवात आणि शेवट, असा तिचा विचार. उच्चारायलाही गोड आहे.

माझ्या आईला म्हणजे भाचीच्या आजीला हे मुळीच पसंत नाही. "संपलं असं नाव तान्ह्या पोरीला ठेवतात का?" एवढं एकच वाक्य ती चार दिवस म्हणते आहे. भाची म्हणते की शब्दात 'श्री' आहे, मग तो अशुभ कसा?

मी मध्ये अडकलोय. मला स्वतःला हा शब्द फक्त 'नोटीस लावून सोसायटीने जबाबदारीची इतिश्री केली' अशा वाक्यात भेटलेला आहे. मूळ अर्थ काय, हा शब्द आला कुठून, आणि त्यातली श्री कोण? जाणकारांनी सांगा. बारसं पुढच्या रविवारी आहे.

कोलशेतकर

प्रथम अभिनंदन! पेढे कधी?

पोथीपुराण

सोपं उत्तर तुम्हाला पाठ आहे, फक्त आठवून बघा. रामरक्षा शेवटी कशी संपते?

'इति श्रीबुधकौशिकविरचितं श्रीरामरक्षास्तोत्रं संपूर्णम्।'

म्हणजे 'असे हे श्रीबुधकौशिकांनी रचलेले श्रीरामरक्षास्तोत्र पूर्ण झाले.' इति म्हणजे 'असे', 'याप्रमाणे'. श्री ही बुधकौशिकांची, त्यांच्या नावाआधीचा आदर. संकटनाशन गणेशस्तोत्र घ्या, 'इति श्रीनारदपुराणे'. तिथे श्री पुराणाची. गीतेचा अध्याय घ्या, 'ॐ तत्सदिति श्रीमद्भगवद्गीतासु'. तिथे तर 'श्रीमद्' अख्खा शब्द पुढचा आहे.

इति आणि श्री हे एकत्र नांदणारे शब्दच नाहीत. शेजारी उभे होते एवढंच. पिढ्यानपिढ्या प्रत्येक स्तोत्राच्या, प्रत्येक अध्यायाच्या शेवटी 'इति श्री…' कानावर पडलं, आणि ऐकणाऱ्यांनी पुढचं वाक्य सोडून तेवढाच तुकडा उचलला. 'इतिश्री आली' म्हणजे आता पोथी बांधायची, प्रसाद घ्यायचा. त्यावरून इतिश्री म्हणजे शेवट.

नवखा_ऐरोली

बाप रे. म्हणजे शब्द चुकीच्या जागी तुटलाय?

पोथीपुराण

तुटलाय, पण त्याला चूक म्हणवत नाही मला. 'श्रीगणेशा' बघा. 'श्रीगणेशाय नमः' मधलं 'य नमः' गळून गेलं आणि 'श्रीगणेशा केला' उरलं. 'ओनामा' बघा. जुन्या शाळेत मुलं पहिल्यांदा 'ॐ नमः सिद्धम्' गिरवायची, त्याचं 'ओनामासिधं' झालं, त्यातून ओनामा. सुरुवातीचे दोन आणि शेवटचा एक, तिन्ही शब्द वाक्याच्या मधूनच तोडलेले. ज्यांना संस्कृत येत नव्हतं पण ज्यांनी आयुष्यभर ऐकलं, त्यांनी हे शब्द घडवले. मला या शब्दांबद्दल फार माया आहे ती त्यामुळेच.

नेरुळची_ग्रंथपाल

पोथीपुराण, तुमच्या मुद्द्याला एक लांबचा जोडीदार देते. ग्रंथालयशास्त्र शिकताना लॅटिन हस्तलिखितांबद्दल वाचलं होतं. तिथे पुस्तकाच्या शेवटी 'एक्स्प्लिसिट' असं लिहीत. मूळ शब्दाचा अर्थ 'उलगडलं गेलं'. पूर्वी पुस्तक म्हणजे गुंडाळी, ती शेवटपर्यंत उलगडली की वाचन संपलं. शब्द अर्धवट लिहायची पद्धत पडली, आणि पुढच्या लेखनिकांना वाटलं की हे 'संपते आहे' अशा अर्थाचं क्रियापद आहे. मग त्यांनी त्याचं अनेकवचनही बनवलं, 'एक्स्प्लिसिउंट'! जिथे जिथे हाताने पुस्तकं उतरली, तिथे शेवटच्या ओळीचं हे असं होतं.

आणि हस्तलिखिताच्या अशा शेवटच्या मजकुराला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, 'पुष्पिका'. लहानसं फूल. इंग्रजीतल्या 'कोलोफन'चं मूळ ग्रीक, त्याचा अर्थ शिखर. त्यांनी शेवटावर कळस चढवला, आपण फूल ठेवलं.

घणसोली_से

पुष्पिका नाव ठेवा ना मग मुलीचं! प्रश्न मिटला.

विद्यार्थी_पाचपाखाडी

थोडी असहमती. श्री नुसती शेजारीण होती हे मला पटत नाही. पतंजलींच्या महाभाष्यात म्हटलंय की ज्या शास्त्रांच्या आरंभी, मध्ये आणि अंती मंगल असतं ती विस्तार पावतात: 'मङ्गलादीनि मङ्गलमध्यानि मङ्गलान्तानि हि शास्त्राणि प्रथन्ते'. पोथ्यांच्या शेवटी नुसतं '॥ श्री ॥' असंही लिहिलेलं असतं, पुढे कुणाचंही नाव नसताना. म्हणजे शेवटी श्री येणं ही जाणूनबुजून केलेली गोष्ट होती. शेवटही मंगलच असला पाहिजे ही त्यामागची भावना.

शिवाय लिंग बघा. 'श्रीगणेशा केला' पण 'इतिश्री झाली'. मराठीने शब्द स्त्रीलिंगी धरला, कारण कानाला त्यात श्री, म्हणजे लक्ष्मी, ऐकू येते. भाचीचं म्हणणं चूक नाही.

पोथीपुराण

लिंगाचा मुद्दा खरंच चांगला आहे, माझ्या लक्षात आला नव्हता. पण उगम आणि नंतर मनात उमटणारा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी. 'इतिश्री' हा जोडशब्द संस्कृत ग्रंथकारांनी 'मंगल शेवट' म्हणून योजला नाही, यावर मी ठाम आहे. मराठी माणसाला त्यात लक्ष्मी दिसली असेल तर ते मराठी माणसाचं देणं.

नवखा_ऐरोली

इति म्हणजे 'गेले, संपले' असं शाळेत सांगितल्याचं आठवतंय.

विद्यार्थी_पाचपाखाडी

नाही, तो अर्थ नंतर चिकटला. इति म्हणजे 'असे'. जुन्या लिखाणात अवतरणचिन्हं नव्हती. बोलणं कुठे संपलं हे दाखवायला शेवटी इति ठेवत. इत्यादी म्हणजे इति + आदी, इतिहास म्हणजे इति ह आस, 'असे खरोखर घडले'. मराठीत हेच काम आपण 'म्हणून' या शब्दाकडून करून घेतो. 'येतो म्हणून सांगून गेला', 'ठाण्याला मासुंदा म्हणून एक तलाव आहे'. तो 'म्हणून' म्हणजे आपल्या घरची इति.

नेरुळची_आजी

मला संस्कृत येत नाही पण मासुंदाकाठच्या आईंचं मन कळतं. आपल्या घरात 'संपलं' म्हणत नाहीत बाळांनो. डब्यातले तांदूळ संपले तर 'तांदूळ वाढले' म्हणायचं. बांगडी फुटली तर वाढवली. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझत नाही, शांत होतो. घरातून निघताना 'जाते' म्हणालं की सासूबाई उंबऱ्यातून परत बोलवायच्या, 'येते म्हण' म्हणायच्या. गणपती पोचवतानासुद्धा पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो आपण. ज्या बाईने जन्मभर 'संपलं' हा शब्द ओठावर येऊ दिला नाही, तिने पणतीला रोज त्याच अर्थाची हाक कशी मारायची? तिला अडाणी समजू नका.

मासुंदाकाठ

आजी, हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त "कुठल्या गं या?" एवढं विचारलं. नेरुळ म्हटल्यावर "लांब नाही" म्हणाली.

रंगायतन_पाचवी_रांग

शेवटाचा विषय निघालाय आणि भरतवाक्य कुणीच काढलं नाही?

संस्कृत नाटकाच्या शेवटी जो शुभेच्छेचा श्लोक येतो तो भरतवाक्य. कथा संपलेली असते, आणि मग राजा प्रजेच्या हितासाठी झटो, पाऊस वेळेवर पडो, विद्येचा मान राहो असं मागणं. कुणी म्हणतात हे नाव नाट्यशास्त्राच्या भरतमुनींवरून पडलं. कुणी म्हणतात भरत म्हणजेच नट, आणि ते पात्राचं बोलणं नसून मुखवटा उतरवलेल्या नटमंडळींचं प्रेक्षकांसाठीचं मागणं आहे. मला दुसरं फार आवडतं. किर्लोस्करांच्या मंडळींनी १८८० साली पुण्यात शाकुंतल मराठीत संगीतासह उभं केलं, तेव्हा नांदी ते भरतवाक्य ही चौकटही मराठी रंगभूमीवर रुजली.

गडकरी रंगायतनला लहानपणी वडिलांबरोबर संगीत नाटक बघितलं होतं. शेवटच्या पदाला सगळे नट, अगदी मघाशी मेलेलं पात्रही, एका रांगेत हात जोडून उभे राहिले. मी वडिलांना विचारलं, "तो तर मेला ना?" ते म्हणाले, "आता तो आपल्यासाठी उभा आहे." अजूनही तो क्षण आठवला की घसा दाटतो.

हल्ली 'अध्यक्षांनी भरतवाक्य केलं' असं भाषणाच्या समारोपालाही म्हणतात.

कोलशेतकर

वाशीच्या भावे नाट्यगृहात मी असंच दृश्य पाहिलंय. टाळ्या थांबत नव्हत्या.

मोडीवेडा

साहित्यातून जरा दप्तरात या. आपल्या जुन्या पत्रांचे शेवट हा एक स्वतंत्र खजिना आहे. 'बहुत काय लिहिणे' आणि त्यानंतर 'लेखनसीमा'. लिहिण्याची हद्द! शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि शेवटी छोटी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते'. 'ही मर्यादा शोभते आहे.' तिचा उपयोग कळला की थक्क व्हायला होतं. ती शेवटच्या ओळीला चिकटून उठवत, म्हणजे तिच्याखाली दुसऱ्या कुणाला मजकूर घुसडता येणार नाही. शेवट हा तिथे पहारेकरी आहे.

'मोर्तब सूद' हे फारसीतून आलेलं, व्यवस्थित झालं, पुरं झालं अशा अर्थाचं. त्यातूनच आपलं शिक्कामोर्तब.

नवखा_ऐरोली

पोथ्यांच्या शेवटी ॥ छ ॥ असतं आणि पत्रातही 'छ' असतो. तो शेवटाचाच ना?

मोडीवेडा

नाही, गल्लत होतेय. पत्रातला छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख सांगायला, 'छ १५ रमजान' असा. पोथीतला ॥ छ ॥ हे भाग संपल्याचं चिन्ह, जवळपास नक्षीच. दिसायला सारखे, कामं वेगळी.

घणसोली_से

या धाग्यामुळे आज ऑफिसात 'बैठकीची फलश्रुती काय?' असं साहेबांनी विचारल्यावर मला एकदम देवघर आठवलं.

पोथीपुराण

आठवणारच! फलश्रुती म्हणजे स्तोत्राच्या शेवटी ते ऐकल्याचं, म्हटल्याचं फळ सांगणारा भाग. 'विद्यार्थी लभते विद्यां धनार्थी लभते धनम्' ही फलश्रुती. आता दौऱ्याची फलश्रुती, शिबिराची फलश्रुती. म्हणजे देवघरातले इतिश्री, फलश्रुती आणि दप्तरातलं शिक्कामोर्तब, तिघेही शेवटच्या पानावरचे रहिवासी. आता सगळे वर्तमानपत्रात आणि कचेरीत राहायला आलेत. फलश्रुतीचं तिथे बरं चाललंय. इतिश्रीचे मात्र हाल झाले. पूर्वी मन लावून पूर्ण केलेल्या पाठानंतर यायची. आता 'पत्र पाठवून कर्तव्याची इतिश्री केली' म्हणजे काम टाळलं, उरकलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

नेरुळची_आजी

आमच्या श्रावणातल्या कहाण्या विसरलात सगळे. शेवट कसा असतो? 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' हातात तांदळाचे दाणे घेऊन बसायचो आम्ही, 'सुफळ संपूर्ण' म्हटलं की ते वाहायचे. मधेच हात सोडला तर आई रागवायची.

विद्यार्थी_पाचपाखाडी

आजी, तुम्ही खरा मराठी शब्द दिलात. इथे उत्तर म्हणजे प्रश्नाचं उत्तर नव्हे. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल. साठ बोलांची मोठी कथा पाच बोलांत सांगून पुरी केली, असा अर्थ लागतो. आणि 'संपूर्ण'! संपली म्हणत नाहीत, पूर्ण झाली म्हणतात, तेही फळासकट.

याच्याच जोडीला एक निरीक्षण. मराठीत शेवटाला लागणारं विशेषण 'गोड' आहे. शिवलीलामृताचा प्रत्येक अध्याय 'अध्याय गोड हा' म्हणून पुरा होतो. तुकोबा म्हणतात 'शेवटचा दिस गोड व्हावा'. गोष्टीचा शेवट सुखाचा असला की आपण 'शेवट गोड झाला' म्हणतो. पंगतीतही गोड शेवटपर्यंत फिरत असतं.

रंगायतन_पाचवी_रांग

आणि पसायदान? शेवटांचा राजा ते.

पोथीपुराण

पसाय म्हणजे प्रसाद, प्राकृतातून आलेला. पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात नसते. पसायदान हा ज्ञानेश्वरीचा अगदी शेवट नाही. त्याच्यापुढे थोड्या ओव्या आहेत, आणि त्यात ही:

'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥'

शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. नेरुळच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या ती पुष्पिका ही! कधी, कुणी रचलं, कुणी उतरवलं. सगळ्या विश्वासाठी मागणं मागून झाल्यावर ज्या हातांनी लिहून घेतलं त्यांचं नाव राहील याची काळजी घेतली आहे. पुढे नाथांनी शके १५०६ मध्ये, तारण नाम संवत्सरी, प्रत शुद्ध केली, त्याच्याही ओव्या शेवटी जोडल्या. यात जो स्वतःची ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं बजावून. मोडीवेडा, तुमची 'मर्यादेयं विराजते' आणि ही नरोटी एकाच कामाच्या आहेत.

मोडीवेडा

अगदी! अंगावर काटा आला.

कळव्याची_सूनबाई

बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहिते. शब्दाचं मूळ सगळं पटलं. पण मूळ प्रश्न मुलीच्या नावाचा होता आणि ती *दुसरी मुलगी* आहे, हे कुणी बोललं नाही.

आपल्याच राज्यात नकोशी, नकुसा नावाच्या बाया आहेत. मुलगी पुन्हा झाली म्हणून. २०११ साली साताऱ्यात अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. माझी आई तिसरी. तिचं नाव नकोशी नाही, पण त्याच अर्थाचं आहे. अजून कुणी नाव विचारलं की ती पदराशी चाळा करत हळू आवाजात सांगते.

तुमच्या भाचीच्या मनात असं काही नाही हे मला कळतं. तिने प्रेमानेच शोधलंय नाव. पण शाळेत, दवाखान्यात, लग्नात भेटणाऱ्या प्रत्येकाला रामरक्षेची शेवटची ओळ कोण समजावणार? लोक ऐकतील ते एवढंच, की दुसरी मुलगी आणि नाव शेवट. कदाचित आजींना हेच सांगायचं असेल आणि सांगता येत नसेल.

नेरुळची_आजी

बाळा, आईला माझा नमस्कार सांग.

विद्यार्थी_पाचपाखाडी

कळव्याच्या ताई, मी वर 'भाचीचं म्हणणं चूक नाही' लिहिलं होतं. शब्दापुरतं ते बरोबर आहे. नावापुरतं मागे घेतो.

मासुंदाकाठ

मंडळी, उशिरा आलोय, माफ करा. काल बारसं झालं.

कळव्याच्या ताईंचा प्रतिसाद भाचीने स्वतः वाचला. आधी रडली, मग उठून आजीजवळ जाऊन बसली. आईने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की तिच्या धाकट्या बहिणीचं नाव घरात 'पुरे' होतं. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सत्तावन्न वर्षांचा आहे आणि मावशीला आम्ही कायम 'ताईमावशी' म्हणत आलो.

भाचीने पोथीपुराणांचं म्हणणं धरून इति पोथीत ठेवली आणि श्री घेतली. पाळण्यात नाव ठेवलं श्रिया. कोलशेतकर, पेढे पोचवतो.

पण मी आणखी एका कामासाठी आलोय. हे सगळं बोलणं चालू असताना आईने माळ्यावरून एक लाल बासन काढायला लावलं. तिच्या आजेसासऱ्यांच्या हातची शिवलीलामृताची पोथी आहे, सुटी पानं, बोरूने लिहिलेली. शेवटच्या पानाचा फोटो टाकतोय. अक्षर देवनागरी आहे पण शेवटच्या चार ओळी फिक्या झाल्यात. कुणाला लागतील का?

मोडीवेडा

झूम करून पाहिलं. पहिली ओळ स्पष्ट आहे: 'शके १८२२ शार्वरी नाम संवत्सरे श्रावण वद्य ११'. श्रावण असल्याने अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे १९००. शार्वरी त्या शकाला बरोबर जुळतं.

खालच्या दोन ओळी म्हणजे लेखनिकांचा नेहमीचा श्लोक: 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥' जसं पाहिलं तसं उतरवलं, चूक असली तर दोष मला देऊ नका.

चौथी ओळ मराठी आहे आणि ती श्लोकाचा भाग नाही. 'हे पुस्तक' एवढं लागतंय, पुढे 'चि' की 'सौ', मग 'वाचावयास' असावं. मधला शब्द पाण्याने गेलाय. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पान तिरकं धरून पुन्हा फोटो काढाल का? आणि पहिल्या पानाचाही.

मासुंदाकाठ

उद्या सकाळी गॅलरीत ऊन येतं तेव्हा काढतो. आई म्हणते 'सौ' असणार, तिच्या आजेसासूबाईंना वाचता येत होतं.